दीड वर्षात चौथे डॉक्टर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घराजवळच्या सरकारी दवाखान्याला मध्यंतरी रंग लागला. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा नवा फलकही आला. आत बाकडी तीच, त्यावर बसणारे आम्हीही तेच. डॉक्टर मात्र नवे. दीड वर्षातले चौथे.

माझी पत्नी ३५ वर्षे विड्या वळते. तिला शुगर आहे, बीपीही आहे. पहिल्या डॉक्टरांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दिली, तेव्हा तिचे पाय घोट्यापाशी सुजले. त्यांनी कारण ओळखून गोळी बदलली आणि सूज उतरली. मग ते गेले. दुसऱ्यांनी ती बदललेली गोळीच चालू ठेवली. तिसरे येईपर्यंत जुना केसपेपर घड्या पडून पडून फाटला होता. त्यांनी बीपी मोजला आणि पुन्हा तीच अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली. महिनाभरात पाय पुन्हा सुजले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, पुष्कळांना तीच देतात. हिला ती मानवत नाही हे त्यांना कळणार कसे? पत्नीला मराठी येते, पण दुखणे सांगायची वेळ आली की ती तेलुगूत शिरते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक बायकांचे असेच. आणि मागे रांग ताटकळत असते.

डॉक्टर टिकत नाहीत, कारण ते टिकावेत अशी व्यवस्थाच नाही. कोणी ११ महिन्यांच्या करारावर, कोणी बाँडचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचे, एक वर्ष पुरे करायला आलेले, कोणी टेबलाखाली नीट-पीजीचे, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचे, पुस्तक उघडून बसलेले. रुग्ण ओळखीचे व्हायला लागतात तोच निरोपाची वेळ येते. त्यात शहरी आरोग्य अभियानाचा निकष ५० हजार लोकांमागे एक केंद्र, त्यात एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ डॉक्टर. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. भागाकार वाचकांनी करावा.

पूर्वी ही उणीव गल्लीतले खासगी डॉक्टर भरून काढत. आजोबांना दमा होता हे त्यांना न सांगता ठाऊक असे. आता ते थकले, मुले पुण्याला गेली आणि दवाखान्याच्या जागी मोबाइलचे दुकान आले. म्हणून साध्या तापालाही माणसे सिव्हिल गाठतात. तिथे धाराशिवपासून कर्नाटकच्या सीमेपर्यंतचे गंभीर रुग्ण येतात, त्यांच्यात आपली भर.

माझी पुतणी नर्स आहे. तिने नॉर्वेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. एकाच फॅमिली डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, ज्यांची डॉक्टरांशी ओळख जेमतेम वर्षाची होती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. आम्ही १५ वर्षे मागत नाही. तीन द्या. करार तीन वर्षांचा करा, पगार वेळेवर द्या आणि प्रत्येक वस्तीची घरे एका ठरावीक डॉक्टरच्या नावावर नोंदवा. डॉक्टर बदललेच, तर जाणाऱ्याने येणाऱ्याला निदान जुनाट आजारांचे रुग्ण समजावून द्यावेत. आशाताईंना प्रत्येक घर माहीत असते. त्यांना त्या वेळी शेजारी बसवले तर निम्मे काम होईल.

वेळेचेही पाहावे. सकाळी विडीवाल्या बायका कारखान्यात माल देऊन पान-तंबाखू घ्यायला गेलेल्या असतात. त्या परत येईपर्यंत दवाखान्याची खिडकी बंद. दवाखान्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. आठवड्यातून तीन दिवस जरी संध्याकाळी डॉक्टर बसले, तरी रांगेत वेगळी माणसे दिसू लागतील.

येत्या सोमवारी आम्हाला पुन्हा जायचे आहे. न मानवणाऱ्या गोळीची रिकामी पट्टी पत्नीने विडीच्या दोऱ्याने बांधून पिशवीत ठेवली आहे, नव्या डॉक्टरांना दाखवायला.

आपला,
एक वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर