आमचं टॅक्सचं बिल आणि तुमचा अग्रलेख

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या भारतीय मतदारांवरचा तुमचा अग्रलेख वाचला. रविवारी सकाळी पोहे खाताना तुमचा पेपर वाचायचा हा आमच्या घरातला बावीस वर्षांचा रिवाज आहे, आधी कॉम्प्युटरवर वाचायचो आता मोबाइलवर, पण यावेळी दुसऱ्याच परिच्छेदात ठसका लागला. रिपब्लिकनांना मत देणारा भारतीय म्हणजे एकतर ट्रम्पभक्त किंवा टॅक्स वाचवायला निघालेला श्रीमंत डॉक्टर, असा एकूण सूर. मी दोन्ही नाही हो. आयटीत नोकरी करतो, न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो आणि रजिस्टर्ड रिपब्लिकन आहे. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो की चार मराठी माणसं भेटतात, त्यातली तीन डेमोक्रॅट असतात आणि चौथा मतदानालाच जात नाही, तेव्हा माझी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं रिपब्लिकन होणं कुठल्या रॅलीत झालं नाही, ते आमच्या फ्रीजसमोर झालं. फ्रीजवर मॅग्नेटखाली प्रॉपर्टी टॅक्सचं बिल लावलेलं असतं. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, प्रत्येकाच्या एक तारखेला हप्ता. पुण्यात बाबा वर्षाची घरपट्टी भरून यायचे, पावती फाइलला लावायचे की विषय संपला, इथे तो संपतच नाही, घराचं कर्ज फिटलं तरी हे चालूच. राज्याचं सरासरी बिल 2024 मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, आणि माझं स्वतःचं साडेअकरा हजार आहे. शेजारच्या इटालियन आजी नवरा गेल्यावर पेन्शनमधून हे बिल भरून भरून दमल्या, शेवटी चाळीस वर्षांचं घर विकून साउथ कॅरोलायनात मुलीकडे गेल्या. जाताना कुंडीतलं अंजिराचं झाड मला दिलं, थंडीत गोणपाट गुंडाळून गॅरेजमध्ये ठेव म्हणाल्या. ठेवतो. त्या काही श्रीमंत डॉक्टर नव्हत्या, शाळेच्या कॅंटीनमध्ये काम करायच्या, आणि आयुष्यभर डेमोक्रॅट होत्या हेही सांगून टाकतो.

आता पैसे जातात कुठे, तर ते बिलावरच छापलेलं असतं. काउंटी, गाव, लायब्ररी वगैरे आणि निम्म्याच्या आसपास एकट्या शाळा. शाळा चांगल्या आहेत, माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार विचारण्याबद्दल आहे. पूर्वी इथे दर एप्रिलमध्ये शाळेच्या बजेटवर गावकरी मतदान करायचे, म्हणजे खरोखर मतपत्रिकेवर प्रश्न असायचा की एवढी रक्कम टॅक्समधून उभी करायची का, हो किंवा नाही. मला हे कळलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता, आपल्याकडे ग्रामसभेत सुद्धा कोरम भरल्याच्या सह्या घरोघर जाऊन घेतात आणि इथे सरळ बजेटच लोकांपुढे. 2010 च्या एप्रिलमध्ये तर राज्यातली निम्म्याहून जास्त बजेटं लोकांनी पाडली. त्याच वर्षी 2 टक्क्यांचा कॅप आला, म्हणजे गावाला आणि शाळेला टॅक्समधून गोळा करायची रक्कम वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. छान झालं असं आम्हाला वाटलं. मग 2012 च्या जानेवारीत कायदा झाला की शाळा बोर्डाची, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाची, निवडणूक नोव्हेंबरात नेलीत आणि बजेट कॅपच्या आत ठेवलंत तर लोकांना विचारायची गरजच नाही. बहुतेक सगळ्या गावांनी ते लगेच उचललं. आणि त्यावर सही कुणाची? आमच्याच रिपब्लिकन गव्हर्नरची, ख्रिस क्रिस्टींची.

हे मुद्दाम लिहिलं कारण कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे पक्ष नव्हे हे मला इथे सांगायचंय. माझ्यापुरतं त्याचा अर्थ एवढाच की ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला विचारा, आणि निर्णय शक्यतो घराच्या जवळ होऊ द्या. आमच्या गावात तेव्हापासून वाढ बहुतेक वर्षी बरोबर 2 टक्क्यांना टेकून येते, एखाद्या वर्षी हेल्थ इन्शुरन्स नाहीतर जुन्या कर्जाचे हप्ते असल्या सवलतीतून वरही जाते, आणि आम्ही ते पेपरात वाचतो.

बोर्डाच्या मीटिंगला मी गेलोय. शाळेची लायब्ररी, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर नऊ मेंबर आणि बोलायला माणशी तीन मिनिटं, टेबलावर ट्रॅफिक सिग्नलसारखा छोटा दिवा, हिरवा मग पिवळा मग लाल. मी दोन रात्री जागून आकडे काढले होते, हेल्थ इन्शुरन्सचा खर्च एका वर्षात एवढा कसा उडाला हा प्रश्न होता, आणि माझ्या उच्चारांमुळे म्हणा किंवा घाबरल्यामुळे म्हणा, प्रस्तावनेतच पिवळा लागला. लाल लागल्यावर अध्यक्षबाई गोड हसून थँक यू म्हणाल्या. झालं. बायको घरी म्हणाली, तीन मिनिटांत तुम्हाला चहा सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डाच्या अकाउंट्सवाल्या माणसाचा फोन आला आणि अर्धा तास त्याने एकेक आकडा उलगडून सांगितला, त्यातले दोन माझेच चुकले होते. वॉशिंग्टनहून मला असा फोन आजवर आलेला नाही. ट्रेंटनहूनही, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीतूनही, नाही.

बरं, या बाबतीत आम्ही लोक ढोंगी आहोत हेही कबूल करतो. एवढ्याशा राज्यात 564 नगरपालिका आहेत आणि शाळांचे जिल्हे सहाशेच्या घरात, प्रत्येकाचा वेगळा सुपरिंटेंडंट, वेगळं ऑफिस, वेगळा पगार. एकत्र करा म्हटलं की सगळ्यात आधी आम्हीच ओरडतो, आमचे पोलिस आमचे राहू द्या म्हणून. प्रिन्स्टनमध्ये एकाला एक चिकटलेल्या दोन नगरपालिका होत्या त्या कित्येक वेळा मतदान करून शेवटी 1 जानेवारी 2013 ला एक झाल्या, त्यानंतर बाकीच्यांनी काही फारसा धडा घेतलेला दिसत नाही. टॅक्स कमी हवा आणि सगळं गावातच हवं, दोन्ही एकदम होत नाही, मला तरी याचं उत्तर माहीत नाही. मात्र निवडून दिलेले लोक नको तेवढे जास्त असले तरी ते असलेले बरे, मुंबई महापालिका 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने चालवली तेव्हा तुमच्याच पेपरात वाचकांची पत्रं यायची ना, खड्ड्यासाठी फोन कुणाला करायचा म्हणून.

राज्य सरकारशी आमचं भांडण त्याच जातीचं. परवडणाऱ्या घरांचा कोटा इथे प्रत्येक गावाला असतो, 1975 च्या माउंट लॉरेलच्या कोर्टाच्या निकालापासूनची ही गोष्ट, 2024 मध्ये त्याचा नवा कायदा आला. त्या निकालामागचं कारण खरं होतं, गावं मुद्दाम अर्धा अर्धा एकराचे प्लॉट ठेवायची म्हणजे गरीब माणूस येऊच नये, आणि आमच्या गल्लीतही काही लोक ट्रॅफिकचं नाव पुढे करून तेच बोलतात हे मी कानांनी ऐकलंय, त्यांच्या बाजूला मी नाही. पण आकडा ट्रेंटनमध्ये बसून काढायचा आणि शाळेच्या नव्या वर्गांचं बिल परत माझ्या फ्रीजवर, हे पटत नाही. उलट टॅक्स परत देण्याच्या योजना बघा, आधी दहा हजार घ्यायचे आणि मग अर्ज केलात तर हजार-दीड हजार परत, मला हे लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या आहेरासारखं वाटतं, आपलेच पैसे पाकिटात घालून परत.

विजेचं तर विचारू नका. 2025 च्या जूनपासून बिलं एकदम वाढली, सतरा ते वीस टक्के, त्यावर गव्हर्नरची निवडणूक झाली, डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी दर गोठवू असं सांगितलं आणि आमच्या रिपब्लिकन जॅक चिॲटरेली यांना त्यांनी दणकून हरवलं. लोकांचा कौल आहे, मान्य. माझं म्हणणं एवढंच की दर गोठवून वीज तयार होत नाही. ऑयस्टर क्रीकची अणुभट्टी 2018 मध्ये बंद झाली, समुद्रातल्या पवनचक्क्यांचे दोन मोठे प्रोजेक्ट कंपनीने 2023 मध्ये सोडून दिले, इकडे डेटा सेंटरं वाढतायत, मग वीज येणार कुठून.

आता तुमच्या लाडक्या विषयाकडे, ट्रम्प. 2024 मध्ये न्यू जर्सीत ते जेमतेम सहा टक्क्यांनी हरले, 2020 मध्ये हाच फरक सोळा टक्क्यांचा होता, आणि त्यांच्याकडे वळलेले हे लोक काही एका रात्रीत भक्त झाले नव्हते, किराणा महागला होता आणि सीमेवरच्या गोंधळाला ते कंटाळले होते. आमच्यासारखे ग्रीन कार्डच्या लाइनीत बारा-बारा वर्षं काढलेले लोक त्यात होते, आम्हाला लाइन मोडलेली आवडत नाही, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण मग 2024 च्या डिसेंबरात एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरून आमच्याच बाजूच्या लोकांनी भारतीयांना इंटरनेटवर जे काही ऐकवलं ते वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलर फी आली तेव्हा ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते, जणू मीच सही केली. मी सांगितलं, चूक आहे. लाइन सरळ करा म्हटलं होतं, खिडकी बंद करा नव्हतं म्हटलं.

टॅरिफचंही तेच. भारतावर 2025 च्या ऑगस्टमध्ये 50 टक्के लावले, म्हणून मी चिडलो असं तुम्हाला वाटेल, थोडा चिडलोही, तूरडाळीचा भाव मी पण बघतो. पण खरा मुद्दा वेगळाय. कर लावायचा अधिकार संविधानाने काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला दिलाय, टॅरिफ हा करच आहे, आणि शाळेच्या बजेटवर मला विचारा म्हणणारा मी, एका माणसाने सकाळी उठून आकडा जाहीर केला तर टाळ्या कशा वाजवू?

आणि कर्ज. ट्रम्प पहिल्यांदा आले तेव्हा देशावर 20 ट्रिलियन डॉलरच्या आसपास कर्ज होतं, 2025 च्या ऑक्टोबरात ते 38 च्या वर गेलं, मधली चार वर्षं बायडन होते, म्हणजे दोघांनी मिळून केलं. 2024 मध्ये व्याजाचा खर्च लष्कराच्या खर्चापेक्षा जास्त झाला. पूर्वी आमचा पक्ष याच एका विषयावर भाषणं ठोकायचा, आता तो शब्द काढला की लोक घड्याळ बघतात. 2017 च्या टॅक्स कायद्यात राज्याच्या आणि गावाच्या टॅक्सची वजावट 10 हजारांवर आणून ठेवली, तो फटका आमच्याच राज्याला बसला, इथल्या पाच रिपब्लिकन खासदारांपैकी चौघांनी विरोधात मत दिलं तरी 2018 च्या निवडणुकीनंतर पाचातला एकच उरला. 2025 मध्ये ती मर्यादा 40 हजारांपर्यंत वाढवली, तीही 2030 मध्ये परत खाली येणार. माझे पैसे वाचले, खोटं कशाला बोलू, पण त्यासाठी कर्ज काढलंय हे मला कळतं.

तर महोदय, श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून आले की तुम्ही पहिल्या पानावर आपला बेळगावचा माणूस म्हणून छापता, ते डेमोक्रॅट आहेत, मला त्यांची बरीच मतं पटत नाहीत, तरी फोटो बघून आनंद झालाच. तेवढीच जागा एकदा इथल्या शाळा बोर्डाच्या निवडणुकीला द्या. आमच्या काउंटीत देशी नावांचे उमेदवार दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्या पाट्या लॉनवर शेजारी शेजारी लागतात आणि दिवाळीला फराळ एकमेकांकडे जातो. तुमचा माणूस नोव्हेंबरात आला तर आमच्याकडे उतरू दे, मीटिंगला मी घेऊन जाईन, तीन मिनिटं त्यालाही मिळतात का ते मात्र विचारावं लागेल.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

ता.क. : अग्रलेखात न्यू जर्सी ‘शहरातील’ भारतीय असं छापलंय. ते राज्य आहे, त्यात 21 काउंट्या आहेत. ऑनलाइन आवृत्तीत तरी दुरुस्त करा, बायको सकाळपासून हसतेय.