जोत्यावरही दगड चालू द्या : ग्रामीण गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. ग्रामीण घरांची अंदाजपत्रके करताना पायात आणि जोत्यात दगड चालतो. जोत्याच्या वर मात्र वीट किंवा सिमेंटचा ठोकळाच गृहीत धरला जातो, मग चांगल्या दगडाची खाण गावाला लागून का असेना. या प्रथेचा फेरविचार व्हावा, यासाठी हे पत्र.

वीट पक्की व्हायला ९०० ते १,००० अंश सेल्सिअसची आच लागते आणि सिमेंटच्या भट्टीत तापमान १,४५० अंशांच्या आसपास जाते. शिवाय तापवलेल्या चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटत असल्यामुळे, इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी सिमेंटचे उत्सर्जन पुरते थांबत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. दगड भाजावा लागत नाही. तो फोडायचा, घडवायचा आणि वाहून आणायचा, एवढाच खर्च. मात्र घनमीटरभर दगडाचे वजन अडीच ते तीन टन भरते. तो लांबून ट्रकने आणला, किंवा अनघड दगडांमधल्या रुंद फटी सिमेंटने भरल्या, तर वाचवलेली ऊर्जा तिथेच संपते. म्हणून खाणीपासूनच्या अंतराची मर्यादा नियमातच हवी.

आपले अधिकारी किल्लारीच्या भूकंपाची आठवण करून देतील, आणि ती द्यायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे दगडी भिंतींखाली गेली. त्या भिंती जाडजूड होत्या, पण मातीत रचलेल्या. आतली आणि बाहेरची रांग वेगळी, मध्ये चिपांची भरती आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचा भार. हादऱ्याने दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या. दोष जोडणीचा होता, आणि त्यावरचा उपाय भारतीय मानक १३८२८ मध्ये लिहिलेला आहे: भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीच्या थरात, १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारे दगड हवेत. तेवढे लांब दगड मिळाले नाहीत तर काँक्रीटचे तुकडे किंवा आकड्याच्या सळया चालतात. याच्या जोडीला दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा घालावा लागतो. हे काम कोणत्याही जाणत्या गवंड्याला शिकवता येते. अडचण अशी की आरपार दगड बसवला की नाही हे गिलावा झाल्यावर दिसत नाही, त्यामुळे तपासणी भिंत उघडी असतानाच व्हायला हवी.

खाणींचे प्रश्नही लहान नाहीत. दगड फोडताना उडणाऱ्या धुळीने पाथरवटांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. पाणी मारून धूळ दाबण्याची सक्ती परवान्यातच असावी.

या अटींसह दगडी भिंतीचा नमुना आराखडा आणि तिचा दर अधिकृत दरसूचीत घ्यावा, आणि पहिली काही घरे प्रशिक्षित गवंड्यांकडून बांधून घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक स्थापत्य अभियंता