पूररेषा नकाशावरून जमिनीवर आणा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने ५५ फुटांची आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हापासून दर पावसाळ्यात सारी चर्चा कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग चालू आहे, या एकाच प्रश्नाभोवती फिरते. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्यास राज्याने विरोध केला आहे आणि तो कायम राहावा. परंतु पंचगंगेचा पूर जेथे तयार होतो आणि जेथे पसरतो, ते दोन्ही प्रदेश आपल्याच हद्दीत आहेत.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या तीव्र उतारावरून येऊन प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत एकत्र होतात. गगनबावडा आणि राधानगरीकडे संततधार लागली की कोल्हापुरात ऊन पडलेले असतानाही पंचगंगा पात्राबाहेर जाते. तलाव भरला की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस तर कोणत्याच दरवाजाने अडत नाही. शहरापुढे उतार जवळजवळ संपतो. कोयना आणि वारणा पोटात घेऊन आलेली कृष्णा नृसिंहवाडीला तुडुंब असेल, तर पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही व पाण्याचा फुगवटा मागे शिरोळ तालुक्यात पसरत जातो.

अशा वेळी नदीला हवी असते ती तिच्या दोन्ही काठांची सपाट जमीन. आज ऊस उभा असलेली तिथली काळी माती पुरांच्या गाळानेच घडलेली आहे. तेथे भराव टाकून इमारत किंवा रस्ता उभारला की त्या जागेवर मावणारे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या गल्लीत शिरते आणि वरच्या गावांतील पातळी वाढवते. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव याच मैदानातून आडवा जातो. २०१९ आणि २०२१ मध्ये हा महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, तेव्हा रस्ता आणखी उंच करा, अशी मागणी पुढे आली. मोऱ्या आणि कमानी न वाढवता तसे केले, तर नदीच्या वाटेत आपणच बांध घातल्यासारखे होईल. रस्ता आपल्या खात्याचा नाही हे ठाऊक आहे, पण पाणी कोठून जाते हे सांगण्याचा अधिकार आपल्याच खात्याचा आहे.

पुराचे पाणी कोठवर पोहोचते हे दाखवण्यासाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशी पूररेषांची व्यवस्था राज्यात आहे. (अशा पुरांमध्ये तेवढ्या वर्षांचे अंतर असतेच असे नाही, दोन वर्षांच्या अंतराने आलेले महापूर आपण पाहिले आहेत.) मात्र ही रेषा नकाशात असून सामान्य खरेदीदाराच्या नजरेस पडत नसेल, तर पूरक्षेत्रात घर घेणाऱ्याला दोष देता येणार नाही.

म्हणून विनंती अशी की, निळ्या आणि लाल रेषेचे दगड प्रत्यक्ष जमिनीवर रोवावेत, तिची नोंद सातबारा व मिळकतपत्रिकेवर करावी, आणि ती बदलायची झाल्यास बदलाचे जलशास्त्रीय कारण आधी प्रसिद्ध करावे. पूरक्षेत्रातील प्रत्येक नव्या भरावाचा परिणाम नगरपालिकेच्या हद्दीपुरता न तपासता प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत तपासावा. जे आधीच निळ्या रेषेच्या आत राहतात, त्यांपैकी बहुतेकांना दुसरीकडे जागा परवडत नाही. त्यांना केवळ नोटिसा न पाठवता पुनर्वसनाची जागा, निधी आणि मुदत सांगावी. यांपैकी सीमांकनाचे काम कधी पूर्ण होईल, याची तारीख आपण येत्या पावसाळ्यापूर्वी जाहीर करावी.

आपला नम्र,
पंचगंगेकाठचा एक रहिवासी, कोल्हापूर