जुना फेरफार

परामाटा, सिडनी (ऑस्ट्रेलिया), रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चिडली होतीस. दर मीटिंगच्या आधी 'या जमिनीच्या मूळ राखणदारांना वंदन' कशाला, आपण तर स्वतःच इंग्रजांचे गुलाम होतो, म्हणालीस. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

जूनमध्ये मी मायल क्रीकला जाऊन आलो. (तुझी आई थंडीला भिऊन आली नाही.) १० जून १८३८ ला तिथे इंग्रज वसाहतीतल्या गुराख्यांनी तिथल्या मूळच्या विरायराय लोकांना दोराने बांधून नेलं आणि मारलं. किमान २८ माणसं. बहुतेक बायका, पोरं, म्हातारे. तरणी माणसं कामाला बाहेर गेलेली. सात जण फासावर गेले, हेच त्या काळात नवल. टोळीचा म्होरक्या फ्लेमिंग, जमीनदाराचा मुलगा, कधी हातीच लागला नाही.

२००० साली तिथे स्मारकाचा दगड बसवला, तेव्हा मारणाऱ्यांचे वंशजही आले. न येते तर कोण विचारणार होतं? पण आले, आणि मेलेल्यांच्या वंशजांसमोर उभं राहून म्हणाले, हे आमच्या घरातल्या माणसाचं काम.

परतताना मला तुझे आजोबा आठवत होते. तलाठी माणूस. म्हणायचे, सातबारा कोणीही वाचेल, जुने फेरफार काढ. हॅरिस पार्कला आपण चाट खातो ना, तिथेच जवळ जेम्स रूसचं शेत होतं. १७९२ साली गव्हर्नरने त्याला ३० एकर दिले. या वसाहतीतली ती पहिली सनद. इथला उतारा मागे नेत गेलं की अशाच कुठल्यातरी सनदेपाशी थांबतो. सरकारकडे जमीन आली कुठून, याचा कागद नाही. राहत होते बुरामाटागल लोक. परामाटा हे नावसुद्धा त्यांच्यावरूनच. आजोबांनी असली नोंद धरलीच नसती.

आपल्या घराचे कागद चोख आहेत, कर्जही फिटलं. पण त्या उताऱ्यावर आता माझं नाव आहे. गुलाम आपले पणजोबा होते गं, हे घर मी घेतलंय.

पुढच्या जूनमध्ये येशील? सात-आठ तासांचा रस्ता आहे, डबा घरून नेऊ. जाड स्वेटर आण, मागचं ते पातळ जॅकेट चालायचं नाही.

तुझा,
बाबा