पाठीतली गाठ आणि ऑपरेशनची घाई

संपादक साहेब, नमस्कार. आमची आत्ती, वय ६३, राजारामपुरीत राहते. भाकऱ्या थापताना पाठीत कटकट वाजायचं, आणि हात पुढं केला की फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकाशी गाठ वर यायची, हात खाली घेतला की गायब! गल्लीनं लगेच कॅन्सर ठरवला, एका दवाखान्यात तर नुसतं चाचपून ऑपरेशनची तारीखच दिली. आम्ही दुसरीकडं गेलो, तिथल्या मॅडमनी आधी सोनोग्राफी मग एमआरआय केला. निघालं काय तर इलॅस्टोफायब्रोमा डॉर्सी, म्हणजे फऱ्याखाली होणारी साधी गाठ, कॅन्सर नव्हे. आत्ती म्हणती, हे रोगाचं नाव हाय का औषधाचं.

मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, फरा आणि बरगड्यांच्या मधे स्नायूसारखाच रंग आणि त्यात चरबीचे पट्टे, अगदी मटणाच्या तुकड्यात दिसतात तसे. दुसऱ्या बाजूलापण छोटी गाठ सापडली, ते तर या आजारात नेहमीचंच आणि निदान पक्कं करणारं. पन्नाशीनंतर, जास्त करून बायकांना होते, कॅन्सर होत नाही, जागा आणि चित्र असं ठरलेलं असलं तर बहुतेक वेळा तुकडा काढून तपासायलाही लागत नाही. दुखत असेल तरच काढायची. आता हे १९६१ पासून डॉक्टरांना माहीत आहे, मग आधी फोटो न काढता थेट सुरी कशाला? तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या रेडिऑलॉजिस्टकडून लिहून घ्या की.

- एक वाचक, कोल्हापूर