बेटाला ‘शहराबाहेर’ नसते

संपादक महोदय,

मालदीवची राजधानी मालेजवळचे थिलाफुशी हे १९९०च्या दशकात उथळ समुद्रात कचरा भरून तयार झालेले बेट. तिथे वर्षानुवर्षे कचरा उघड्यावर जळत राहिला. उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो पाहिलेल्या पुणेकराला त्या धुराबद्दल वेगळे सांगायला नको. पण आपण कचरा शहराबाहेर ढकलला. लक्षद्वीपसारख्या लहान बेटाला शहराबाहेर असे काही नसतेच. कचरा पुरलेल्या खड्ड्यातले काळे पाणी जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या पातळ थरात मुरते, आणि विहिरी त्याच थरावर चालतात.

अशा ठिकाणी कचरा जाळण्याची मोठी भट्टी सुचवली की मला धास्ती वाटते. भट्टीला रोज ठरावीक कचरा लागतो, आणि तो ओला असेल तर पेटता ठेवायला वरून इंधन ओतावे लागते. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाने तर २०३२पर्यंत आपली भट्टी बंद करून सगळा कचरा पुन्हा वापरात आणायचे ठरवले आहे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पहिल्याच महिन्यात ओल्या कचऱ्याच्या खतपेटीत अळ्या झाल्या, तक्रारी आल्या. माळीकाकांनी काथ्याचा भुसा आणि वाळका पाला मिसळला. पाणी आटले, वास गेला. नारळाच्या बेटावर काथ्याला काय तोटा! आणि तिथल्या वाळूच्या जमिनीला खत हवेच असते. प्लास्टिकचे दाबून गठ्ठे बांधावेत आणि माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बोटींतून मुख्य भूमीवर पाठवावेत. लक्षद्वीपमध्ये खड्डा किंवा भट्टीचा विचार करण्याआधी हे मनापासून करून पाहावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, कोथरूड, पुणे