वकीलपत्र घेतलंस, आता हे वाच

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून पहिलीच केस आली ती परकीय नागरिक कायद्याची, हे ऐकून आत्याने कपाळावर हात मारला. "बांगलादेशींची वकिली कशाला?" म्हटलं, अगं, तो बांगलादेशी आहे की पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा गवंडी, हेच तर ठरायचंय.

आधी गुन्ह्याची तारीख बघ. १ सप्टेंबर २०२५ च्या आधीची असेल तर १९४६ चा कायदा, नंतरची असेल तर नवा. दोन्हींत एक मेख तीच: आपण परकीय नाही, हे आरोपीनेच सिद्ध करायचं. नुसता संशयाचा फायदा मागून इथे भागत नाही. पण रहीम अलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय की संशय घ्यायलाही काही आधार लागतो. वाटेल त्याला धरून 'कर सिद्ध' म्हणता येत नाही. ते प्रकरण कोण परकीय हे ठरवणाऱ्या आसामच्या न्यायाधिकरणातलं, फौजदारी कोर्टातलं नव्हे, म्हणून सरकारी वकील कुरकुर करेल. करू दे. जामीन अर्जात निकाल जोडच.

तू पाठवलेले कागद वाचले. तुझ्या पक्षकारासह पाचही आरोपींच्या तोंडी एकच वाक्य: 'गरिबी व उपासमारीस कंटाळून गस्तीची नजर चुकवून भारतात आलो.' पाच बंगाली मजूर, आणि मराठी अगदी ठाणे अंमलदाराची! पोलिसांसमोरचा असला जबाब पुराव्यात टिकत नाही.

टिकते ती न्यायाधीशासमोरची कबुली, आणि मला धास्ती तिचीच आहे. बराकीत कुणीतरी कानात सांगतं, 'गुन्हा कबूल कर, कोठडीत काढलेले दिवसच शिक्षा म्हणून धरतील, सुटशील.' सुटत नाही गं. तुरुंगातून निघतो तो सीमेकडे रवाना होतो, मग तो खरोखर इथला असला तरी. त्याची कागदपत्रं तपासून होईपर्यंत कबुली देऊ देऊ नकोस, तो कितीही रडला तरी.

आधार, पॅनवर विसंबू नकोस. त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. जन्मवर्ष विचार. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला सहसा जन्माचा पुरावा पुरतो. त्यानंतरचा असेल तर आई किंवा वडील भारतीय होते हे दाखवावं लागतं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक. म्हणजे बापाचं मतदारयादीतलं नाव, शाळेचं रजिस्टर, जमिनीचा जुना दस्त. गावच्या पंचायतीत फोन लाव, घरच्यांना गाठ.

आणि निघालाच तो पलीकडचा, तरी वकीलपत्र सोडायचं नाही. संविधानाचं जीवित-स्वातंत्र्याचं कलम २१ आणि अटकेतल्या हक्कांचं कलम २२ त्यालाही आहे. बनावट कागदांचं कलम लावलं असेल तर ते वेगळं सिद्ध करायला लाव. जड शिक्षा त्यातच असते.

बंगाली दुभाष्यासाठी अर्ज लेखी दे, तोंडी नको. तुरुंगात भेटशील तेव्हा त्याची शाळा आणि जन्मगाव लिहून आण, आणि आठनंतर फोन कर. त्याआधी माझ्याकडे पक्षकार बसलेले असतात.

तुझा,
बाबा